साखळीवाली मोटर नको

आबा,

पोहे झाकून ठेवलेत, चहा तेवढा गरम करून घ्या.

सायकलला मोटर बसवून आणली, पण तुम्ही सांगितलेली साखळीची नाही. मागच्या चाकाच्या मधोमध बसते, ती घेतली. रागावू नका. ‘साखळीबिगर जोर नही’ हे तुमचं साखर कारखान्यातलं म्हणणं खरं असेल, पण तुमची सून रोज साडी नेसून अंगणवाडीत जाते. पायडलच्या साखळीला कव्हर आहे, मोटरसाठी दुसरी उघडी साखळी मला नको होती. नवी नवरी असताना तुमच्या मागे बसलेल्या जिजींचं लुगडं सायकलच्या साखळीत गेलं, तो विषय तुम्ही काढत नाही, मीही काढत नाही.

तुम्ही आणलेली साखळी गोठ्याच्या फाटकाला कुलूप घालून लावलीय. तिचा जोर तिथे कामाला येईल.

जिजी घरात दिसल्या नाहीत म्हणून गल्लीभर हाका मारू नका. सकाळी त्यांनी चाकाला हात लावून पाहिला, मोटरची साखळी कुठे आहे ते विचारलं. ती नाहीच म्हटल्यावर लुगडं खोचून म्हणाल्या, “आते मी मांगे बसस.” इतक्या वर्षांनी त्या सायकलवर मागे बसल्या. आम्ही शहाद्याच्या बाजाराला गेलोय.

दुपारी ओट्यावरच थांबा. उतरताना तुमचाच हात धरीन म्हणाल्यात.

हर्षाली