त्या गुटीत सल्फाची गोळी होती

पुलगाव, १९५७

प्रिय माय,

आज सकाळी अरुणचा ताप उतरला. उठल्याउठल्या त्यानं भाकर मागितली आणि शांता चुलीपुढे बसून रडायलाच लागली. तू जाऊन तीन वर्षं झाली, पण माझं पोरगं वाचलं हे आधी तुलाच सांगायला हवं. का, ते तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक होतं?

आठवतं ना? अरुण वर्षाचा होता, खोकल्यानं बेजार. मी डॉक्टरांकडे न जाता दुकानातून सल्फाच्या गोळ्या आणल्या. दुकानदारानं डॉक्टरांची चिठ्ठी मागितली नाही. तू मात्र विचारलंस, "मन्या, तू तं शाळंत मास्तर हायेस. डाक्टर कवा झाला?" मी हसलो. बी.एस्सी. झालेला माणूस ना मी!

अरुण गोळी थुंकून टाकी. तेव्हा मीच म्हणालो, "सहाणेवर उगाळ, गुटीतून दे." तू जायफळाचे दोन वळसे घेतलेस, हळकुंडाचे दोन, आणि गोळी हातात धरून थांबलीस. "हिचे कितीक वळसे देऊ रे?" मी बेधडक सांगितलं, "चार." कुठून आणला मी तो आकडा?

दुसऱ्या दिवशी अंगभर पुरळ, तोंड सुजलेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय दिलंत याला?"

"आईनं गुटी दिली होती," मी म्हणालो.

खोटं नव्हतं ते. म्हणूनच जास्त वाईट होतं. शांतानं तुझी गुटीची पुरचुंडी उकिरड्यावर फेकली. "पुन्हा माह्या लेकराले हात लावू नका," म्हणाली. आणि तू गप्प! काऊन बोलली नाहीस, असं मी एकांतात विचारलं, तर म्हणालीस, "तुह्या इज्जतीपरीस माही गुटी मोठी हाय काय?" माय, असं कसं ग केलंस? एकदा तरी ओरडायचंस माझ्यावर! डायरीतही मी लिहून ठेवलं: आईच्या गुटीने पुरळ.

गेल्या सोमवारी अरुणला ताप आणि धाप. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. या वेळी सगळं रीतसर! दवाखान्याच्या पायरीवर मी ती वाचली. सल्फा. अरुण शांताच्या खांद्यावर होता. मी लगेच वळलो नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही. खरं न सांगता गोळी बदलून घेता येईल का, हे शोधत उभा होतो.

मग आत गेलो. "डॉक्टर, तेव्हा दोष गुटीचा नव्हता. मी तीत चिठ्ठीविना सल्फा उगाळायला लावली होती."

त्यांनी चिठ्ठी फाडली. "मास्तर, चार वर्षं लावलीत!" एवढंच बोलले आणि पेनिसिलिनची सुई दिली.

शांता घरी येऊन म्हणाली, "मी आत्याबाईले, तुमच्या मायले, काय काय बोलली, आन् तुम्ही आयकून राह्यले होते?" तिचं रागावणं ठीकच होतं.

माय, किती हलकं वाटतंय! लाज आहे, पण समोर पोरगं जेवतंय. डायरीतली ती ओळ आज खोडली, खाली खरं लिहिलं.

एक शब्द देतो. अरुणला सल्फा चालत नाही, हे त्याच्या प्रत्येक डॉक्टरला सांगेन. "तुम्हाला कसं कळलं?" असं कोणी विचारलं, तर तुझं नाव घेणार नाही. माझंच घेईन.

तुझा,
मन्या