पाटीवरचा नर

३ फेब्रुवारी
सरांनी ठरवून टाकलं — नर! आमच्या संग्रहालयातल्या, खडकात सापडलेल्या जीवाश्म पक्ष्याच्या पंखाच्या हाडाचा एक काप घेतला, आत अंडी घालणाऱ्या मादीचा तो थर दिसला नाही, झालं. नव्या दालनातली त्याची पाटीसुद्धा छापायला गेली. अहो, तो थर मादीच्या हाडात साठतो तो अंड्याच्या कवचासाठी. अंडी घालून झाली की विरून जातो. एरवी तिचं हाडही आतून पोकळच. थर सापडला तर मादी, नाही सापडला तर काहीच ठरत नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांना कळतं हे!

मीटिंगमध्ये तसं बोलले. सर हसून म्हणाले, "मॅडम, तुम्ही हे फार मनाला लावून घेताय." सगळे टेबलाकडे बघायला लागले. मूल होण्यासाठीचे माझे उपचार फसल्याचं अख्ख्या मजल्याला माहीत आहे.

४ फेब्रुवारी
सासूबाई फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "आमच्या धाकटीला नाही हो काही." काही म्हणजे मूल. बाकी सगळं आहे ते कशातच जमा नाही. भांडी आपटली. एकही फुटलं नाही मेलं.

९ फेब्रुवारी
मांडीचं हाड कापू द्या म्हटलं. सरांचं आपलं एकच — पक्षी एकुलता एक, त्याची काय चाळण करायची? मी मागेच लागले. शेवटी पीडा टळावी म्हणून हो म्हणाले.

१६ फेब्रुवारी
थर आहे! काप घासून घासून पातळ केला, काचेवर चिकटवला, भिंगाखाली धरला — आत जाड, जाळीदार थर. मादी! सरांना बोलावलं. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बघत राहिले. "पाटी बदलावी लागेल," एवढंच बोलले.

घरी आल्यावर सासूबाईंना म्हटलं, दालनाच्या उद्घाटनाला चला. का, ते सांगितलं नाही.

१७ फेब्रुवारी
दादाला फोटो पाठवला होता. भाऊ माझा जनावरांचा डॉक्टर, कोंबड्यांची आजारी हाडं त्याच्या रोजच्या बघण्यातली. वाटलं, शाबासकी देईल. त्याचा फोन आला.

"आतलं बघत बसलीस, बाहेरची कड बघितलीस का? तीही सुजलीय. अंड्यांचा थर आतच असतो गं. हा हाडाचा रोग आहे. नरालाही होतो, मादीलाही. अजून एखादं हाड काप, मग बोल."

चिडून फोन ठेवला. याला काय कळतंय खडकातलं! मग उठून परत भिंगाला डोळा लावला.

कड सुजलेली आहे. कालही असणार. मला मादी हवी होती, म्हणून दिसली नाही.

१९ फेब्रुवारी
दादाचे फोन उचलत नाहीये.

२० फेब्रुवारी
आज उद्घाटन. नवी पाटी लागली — मादी. सासूबाईंनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे तू शोधलंस?"

हो म्हटलं.