एक नंबरचं बटण

दि. ४ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुला फोन करायचा म्हणजे निरोप सगळ्या बिल्डिंगला ऐकवायचा. गाड्यांचे पत्रे ठोकून ठोकून तुझे कान गेले आणि म्हातारपणी आपल्याला पत्रं लिहायची सवय लागली, म्हणून हा कागद.

हे गेले त्याला परवा पाच महिने झाले. आता रडू आटलं असं वाटतं आणि भांडी घासताना मध्येच येतं. शाळेत जाते, वर्गात उभी राहते, मुलांच्या वह्या तपासते. मुलांसमोर बरी असते.

विचारायचं ते गाडीबद्दल. खाली पार्किंगमध्ये ती धूळ खात उभी आहे. लेक म्हणते, विकून मोकळी हो. समोरच्या इमारतीतले दाताचे डॉक्टर दोनदा विचारून गेले, त्यांना तीन मुलं आहेत. लायसन्स माझ्याकडेही आहे, पण एवढं धूड रस्त्यावर काढायचा धीर होत नाही. मी अजून बसनेच जाते. तरी द्यायला मन होत नाही.

तू या गाडीला पांढरा हत्ती म्हणालास आणि यांनी तुझ्या गॅरेजची पायरी चढणं सोडलं. दोन वर्षं तुम्ही दोघं तोंडं फिरवून बसलात आणि मधल्यामध्ये माझं सँडविच झालं. आता ते राहू दे. गाडीत चांगलं काय, वाईट काय, ठेवू की देऊ, एवढं सांग. भाऊ म्हणून नको, मिस्त्री म्हणून सांग. तू म्हणशील तसं करीन.

वहिनीला नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे ते लिहायला विसरू नकोस.

तुझी,
बुटकी

दि. ९ जुलै

चि. बुटकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गुडघा माझ्यासारखाच आहे, कुरकुरतो पण चालतो.

मिस्त्री म्हणून विचारलंस, तर ऐक. या मापाच्या भारी गाड्या म्हणजे थोरल्या आणि धाकट्याच्या मधलं भावंड, मान मोठ्याचा हवा आणि जागा लहानाएवढी. पण गुण आहेत, नाही म्हणणार नाही. खड्ड्यातून गेली तरी पोटातलं पाणी हलत नाही. चारही चाकांना जोर मिळतो, त्यामुळे ओल्या चढावर घसरत नाही. उंचावर बसल्यामुळे पुढचा रस्ता लांबवर दिसतो. दार लावलं की बाहेरचं जग बंद, आत टाचणी पडली तरी ऐकू यावी. मला नाही, तुला. पुढची सीट म्हणजे तर आरामखुर्चीच.

आता दोष. मागच्या तिसऱ्या रांगेत बसायचं तर पाय घरी ठेवून जावं लागतं. अंगाने जड, त्यामुळे तेल पिते आणि टायर खाते. एसी जरा कमी करायचा तरी पडद्यावर बोट नाचवायचं, तोवर रस्त्यावरची नजर गेली. साधा पार्ट हवा तरी कंपनीच्या दारात ताटकळायचं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे अशी गाडी चालून बिघडत नाही तेवढी उभी राहून बिघडते. माझं मत, देऊन टाक. डॉक्टरांची मुलं तिला पळवतील तरी.

आता भाऊ म्हणून थोडं. पांढरा हत्ती म्हणालो ते चार गिऱ्हाइकांसमोर. दोन माणसांना सात खुर्च्या कशाला, असंही वर म्हणालो. तुझ्या साहेबांचा चेहरा पडलेला मी पाहिला आणि तरी हसलो. एवढा ताडमाड माणूस, तीस वर्षं डबड्या गाडीत गुडघे पोटाशी घेऊन हापिसला गेला, आणि निवृत्त झाल्यावर एकदाचे पाय लांब करावेत म्हणून त्याने ही घेतली, हे तू सांगितलंस तेव्हा कळलं. जिभेला हाड नसतं हेच खरं. आज जाऊ, उद्या जाऊ करत माफी मागायची राहून गेली. त्या गाडीत मी कधी बसलोसुद्धा नाही.

येत्या रविवारी येतो आणि गाडी ठाकठीक करून देतो. साहेबांसाठी एवढं तरी करू दे.

तुझा,
दादा

दि. १६ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रविवारी तू चार तास राबलास. बॅटरी नवी घातलीस, मॅट धुतल्यास, काचा पुसल्यास, एक चक्कर मारून आलास. हात काळे झाले म्हणून बिस्किटसुद्धा घेतलं नाहीस. हे सगळं आठवून मी दोन दिवस थांबले, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

तुला एक सांगितलं नव्हतं. ड्रायव्हरच्या दारावर दोन बटणं आहेत, एक आणि दोन. कोणाची सीट कुठे हवी ते गाडी लक्षात ठेवते. एक नंबर यांचा. दोन माझा. मी कधी चालवली नाही तरी, आज ना उद्या चालवशील, असं म्हणून यांनी हट्टाने लावून ठेवलेला. शाळेतून आले की मी रोज आधी पार्किंगमध्ये जायची. दार उघडून एकचं बटण दाबायचं. सीट घुर्र करत मागे जायची, खाली व्हायची, पाठ जराशी कलायची. अगदी हे बसायचे तशी. मग मी वळसा घालून शेजारच्या सीटवर बसायची, पाच-दहा मिनिटं. दिवसभरात काय झालं ते सांगायची. निघताना दोन दाबून जायची, म्हणजे उद्या सीट पुन्हा मागे जाईल. वेड म्हण हवं तर. लेकीलाही माहीत नाही.

सोमवारी एक दाबलं आणि सीट जागची हलली नाही. पुन्हा दाबलं. पाच-सहा वेळा दाबलं. सीट तू चालवताना घेतलीस तिथेच उभी. बिल्डिंगचे वायरमन म्हणाले, बॅटरी काढली की काही गाड्या सगळं विसरतात.

हे गेले तेव्हा रडायला घरभर माणसं होती. सोमवारी पार्किंगमध्ये मी एकटी होते.

तू चांगलंच करायला आला होतास, त्यामुळे रागवायचीही सोय नाही. पण दादा, मला राग आला आहे, आणि तो आवरून गोड पत्र लिहिणं मला जमत नाही. दोन दिवस उत्तर पाठवू नकोस.

बुटकी

दि. २१ जुलै

चि. बुटकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दोन म्हणालीस, मी चार दिवस थांबलो.

माहीत नव्हतं असं म्हणून सुटलो असतो, पण खोटं कशाला लिहू? भारी गाडीची बॅटरी काढण्याआधी मी छोटी बॅटरी जोडून ठेवतो, म्हणजे गाडी काही विसरत नाही. सीटवर बसण्याआधी रुळावर खडूची खूण करतो आणि काम झालं की सीट खुणेवर परत नेतो. चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने माझी सीट हलली म्हणून तक्रार केली नाही. रविवारी खडू खिशात होता. छोटी बॅटरी पिशवीत होती. म्हटलं, घरचीच तर गाडी आहे, कोण विचारतंय. परक्यांना जपलं आणि तुला लुटलं.

काल मोजायची टेप घेऊन तुझ्याकडे निघालो होतो. बसथांब्यावरून परत आलो. मोजणार काय? साहेब एकदा जरी ती गाडी कामाला घेऊन माझ्याकडे आले असते, तर त्यांची सीट कुठे असते ते मला पाठ असतं. ते आले नाहीत ते माझ्या जिभेमुळे. म्हणजे मी दोनदा घालवलं बघ.

एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे. मॅट धुताना दिसलं, ॲक्सिलरेटरच्या खाली बाटलीच्या बुचाएवढा खळगा पडला आहे. साहेबांची टाच. माणूस ताडमाड असो की तुझ्यासारखा, सीट मागेपुढे होते, टाच तिथेच टेकते. मी मॅट घासली खरी, पण खळगा घासून जात नसतो.

माफ कर असं लिहायला हात धजत नाही.

दादा

दि. ७ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पाकिटावर तू अजून माझ्या नावामागे सौ. लिहितोस. लिहीत जा.

खळगा सापडला. सीट पार पुढे घेतली, चप्पल काढली आणि टाच ठेवली. नेमकी बसली. किती वेळ बसले होते ते माहीत नाही, पण पुष्कळ रडले. मग तशीच अनवाणी गाडी सुरू केली आणि बिल्डिंगला फेरी मारून आले. दुसऱ्या दिवसापासून शाळेत घेऊन गेले. नऊ दिवस. हनुवटी स्टिअरिंगला लागत नाही, तू मनात म्हणाला असशील म्हणून सांगते.

तुझे गुण-दोष बरोबर होते, एक सोडून. दार लावलं की बाहेरचं जग बंद होतं, हा तू गुण धरलास. दोघं असताना असेल. एकटीला एवढी शांतता सोसत नाही रे. शेजारच्या सीटवर मी बसायची, ती आता रिकामी असते. दहाव्या दिवशी मी डॉक्टरांना निरोप पाठवला.

ते काल आले. ती मॅट काढून घ्यायची असं मी ठरवलं होतं, पिशवीही बरोबर नेली होती. ते बसले, बटण दाबून सीट आपल्या मापाने घेतली, आणि मी खाली वाकून पाहिलं. त्यांची टाचही तिथेच टेकली होती. मागे तिन्ही मुलं तिसऱ्या रांगेसाठी भांडत होती. मी पिशवी घडी करून पर्समध्ये ठेवली आणि मॅट राहू दिली.

यांनी तुला माफ केलं असतं की नाही, मला खरंच माहीत नाही. हट्टी होते. मी केलं आहे.

आता माझ्यासाठी एक जुनी छोटी गाडी बघ. खडखडणारी चालेल, सीट हाताने ओढायची असेल तर उत्तम. आणि तपासशील ती गिऱ्हाइकाची समजून तपास. घरची समजू नकोस.

राग ओसरला, लोभ होता तेवढा आहे. त्यात खंड पडू देऊ नकोस.

तुझी,
बुटकी