कोयनेचं धरण, बाराशे दिवे आणि विहीणबाईंचं कुंकू

श्री. सुभेदार तानाजीराव यांस, मलकापूरहून कृष्णातचा मनापासून रामराम.

तिकडं बर्फ किती आहे, गुडघा कसा आहे आणि पाठवलेल्या शेंगदाण्याच्या चटणीला वास तर सुटला नाही ना, हे आधी कळवा. इकडं सगळे ठणठणीत. तुमच्या भाचीचं, आमच्या क्रांतीचं लग्न सांगलीत थाटात झालं. तुम्हाला रजा मिळाली नाही म्हणून मामाच्या जागी तुमचा चुलतभाऊ बाळासो उभा राहिला. (तो इतका रडला की फोटोत त्याचा रुमालच दिसतो.) तुमच्या चौकीवर रेंज नाही, व्हिडिओ पोचत नाही, तेव्हा हकीकत कागदावर लिहितोय.

रुखवतात माझ्या हातचं काय काय होतं ते आधी सांगतो. कोयना धरणाची भिंत (थर्माकोल नव्हे, प्लायवूड, आतून पत्र्याचे कोन), तिचे दरवाजे (सहाच; पाटणच्या पुढं जाऊन डोळ्यांनी बघून आलो), खालचा पूल, आणि या सगळ्यावरून वाहणारं पाणी, म्हणजे बाराशे बारके दिवे. दिव्यांची पट्टी विकतची, हे कबूल. पण तिचे तुकडे, सोल्डरिंग, वायरी आणि काडीपेटीएवढ्या बोर्डात भरलेला प्रोग्राम, सगळं माझं. जन्मभर पंपाच्या जळक्या मोटारींत तांब्याची तार भरणाऱ्या माणसानं मोबाईलवर बघत बघत शिकलेलं.

बाराशे दिव्यांना बाराशे वायरी लागत असतील असं तुमच्या बहिणीला वाटलं होतं. तसं नसतं. हुकमाची वायर एकच. बोर्ड सगळ्यांचा हुकूम पहिल्या दिव्याच्या हवाली करतो. तो आपल्या वाट्याचा रंग काढून घेतो, उरलेलं दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला. पंगतीत जिलेबीचं ताट हातोहात पुढं सरकतं ना, तसं. फरक इतकाच की इथं कोणी दोन घेत नाही. पहिल्यांदा लावून बघितलं तेव्हा वरचं पाणी पांढरंशुभ्र आणि पायथ्याचं तांबडं निघालं. (लांबवर जाता जाता व्होल्टेज पडतं, निळा आधी मान टाकतो, तांबडा तगून राहतो.) तुमची बहीण म्हणाली, "आवं, पोरीच्या लग्नात ह्यो रगताचा पूर कशाला?" मग दर दीडशे दिव्यांमागं जाड वायरीनं वेगळा सप्लाय दिला आणि उजेड पावपट केला. पूर्ण पांढरा लावला असता तर बहात्तर अँपिअर ओढले असते, म्हणजे त्या वायरीवर शेवया भाजता आल्या असत्या.

शेवयांवरून आठवलं. रुखवताचं मधलं टेबल मिळवायला मला तुमच्या बहिणीशी तह करावा लागला. तिथं तिची लोकरीची तोरणं आणि शेवयांची ताटं मांडायची होती. ती म्हणाली, "मांडा तुमचं धरान. पर पाव्हण्यांम्होरं बंद पडलं, तर माळ्यावरचं समदं भंगारात जाईल." माळ्यावरचं म्हणजे माझं अख्खं वर्कशॉप, तानाजीराव! जुन्या रेडिओपासून आजच्या बोर्डापर्यंत सगळा संसार. मी हो म्हणून बसलो.

कार्यालयात धरण लावलं, पाणी काय वाहिलं म्हणता! पहिला दिवा भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात होता. सोल्डरिंगसाठी त्याच्यावरचं रबरी आवरण मी खरवडून काढलेलं. लोकांना समजावं म्हणून शेजारी सुवाच्य अक्षरात पाटी लावली: "दिवा क्र. १. मुख्य. सर्व हुकूम येथूनच सुटतात." इथंच माती खाल्ली. विहीणबाई, म्हणजे चारुशीलाबाई, हळद-कुंकवाचं ताट घेऊन रुखवत बघायला आल्या. पाटी वाचली. "अगंबाई, मुख्य हा होय? मग पहिला मान ह्याचाच!" म्हणाल्या आणि बोटं पाण्यात बुडवून आधी हळद, मग कुंकू, नेमकं दिवा क्रमांक एकवर. वर अक्षता.

आत ओल शिरली. पहिल्या दिव्याला हुकूम धड कळेना, आणि तो तोंडाला येईल ते दुसऱ्याला सांगायला लागला. पाणी हिरवं झालं, जांभळं झालं, खालून वर चढलं. चौथा दरवाजा गुलाबी. मी कापूस घेऊन धावलो आणि जागीच थबकलो. तुम्हीच सांगा, भर मांडवात विहिणीनं लावलेलं कुंकू मुलीच्या बापानं पुसायचं? बायकांनी मलाच कार्यालयाबाहेर काढलं असतं. मग तो कापूस अत्तराचा फाया असल्यासारखा कानात घातला आणि हसत उभा राहिलो.

तोवर ही गर्दी! पोरं नाचायला लागली. बँडवाले आत आले आणि धरणाच्या तालावर (त्याला ताल नव्हता) वाजवायला लागले. व्याही हंबीरराव माझ्या पाठीत थाप मारून म्हणाले, "व्याही, लय झ्याक! धरान नाचाय लागलंय की!" मी म्हणालो, अहो, हे बिघडलंय. तर म्हणतात, "मग दुरुस्त करू नका." क्रांती मुंडावळ्या सांभाळत आली. खरं पाणी कसं वाहायला हवं हे त्या गर्दीत तिलाच ठाऊक. हळूच म्हणाली, "पप्पा, गेलं व्हय?" म्हटलं, गेलं. अशी हसली, अशी हसली, की मुंडावळ्या सुटल्या. लग्नाच्या दिवशी लेक एवढी हसली, बापाला आणखी काय पाहिजे? (पाहिजे होतं: पाणी वरून खाली.)

घरी आल्यावर तह निघाला. माझं म्हणणं, बंद पडलं कुठं? बाराशेच्या बाराशे पेटलेले होते. तुमची बहीण म्हणते, "याड लागलेलं बंद पडल्यातच जमा." सध्या माळ्याची शिडी तिच्या ताब्यात आहे.

गुडघ्याला जपा, आणि पुढच्या सुट्टीत धरण बघायला या.

आपला,
कृष्णात

ता. क. तुम्ही थोरले भाऊ, तुमचा शब्द ती मोडत नाही. "दाजींचं धरण बंद पडलं नव्हतं" एवढी एक ओळ तिच्या नावानं लिहा. शिडीचा उल्लेख नको, नाहीतर मीच सांगितलं असं वाटेल.

दुसरा ता. क. चारुशीलाबाईंना खरं कारण सांगितलेलं नाही. कुंकू अजून दिव्यावर तसंच आहे.

तिसरा ता. क. सांगलीच्या एका गणपती मंडळाचा अध्यक्ष विश्वजित परवा येऊन गेला. दहाही दिवस हेच धरण पाहिजे, पण असंच नाचणारं, म्हणाला. मी सांगितलं, सरळ वाहणारं हवं असेल तर फुकट घेऊन जा. बिघाड मी विकत नाही. तुमची बहीण तेव्हा दळणाला गेली होती. तिला यातलं काही ठाऊक नाही आणि तुमच्याकडूनही कळू नये. देत होता एकवीस हजार, रोख.