मागायच्या आधीच

४ मे, चारठाणा
आलो बुवा एकदाचा! परभणी सोडताना वाटलं होतं, आता खेड्यात सडणार. पण काम भारी निघालं. ग्रामपंचायतीमागं कंपनीची कपाटाएवढी पेटी आहे. पूर्वी इथल्या माणसानं मोबाईलवर काही मागितलं की ते मुंबईहून यायचं. आता गावाचं सगळं नेट या पेटीतून फिरतं. उद्या कुणाला काय लागेल याचा अंदाज घेऊन ती आधीच जवळ आणून ठेवते. मी तिचा रखवालदार! घरमालकीण कमलबाईंचा ठेचा लय झकास. उत्तरा अन् आमची चिमुकली सृष्टी दोन आठवड्यांनी येतील. पोरीवाचून करमेना.

९ मे
पेटी लय आगाऊ! काल लग्नाची गाणी आणून ठेवली, अन् आज शेजारच्या काशीनाथच्या लेकीची सोयरीक जमली. मी हसतच बसलो.

१२ मे
काल पेटीनं साप चावल्यावरचे उपाय आणले. कुणी मागितले नव्हते. आज कमलबाईंच्या भावाला, बन्सीधरला, शेतातल्या आखाड्यावर साप चावला. मोबाईलवर उपाय लगेच दिसले, माणूस वाचला. कमलबाई पेटीपुढं नारळ फोडून आल्या. मी मात्र पेटीच्या नोंदी परत परत चाळतोय. हिला आदल्या दिवशी कसं कळलं?

१५ मे
आज माझ्या नावानं आणलंय. लेकरू पाण्यात बुडालं तर पहिल्यांदा काय करायचं. आईशपथ, मी मागितलं नाही. पुढं वाचवलं नाही. उत्तराला फोन केला, येऊ नको म्हणालो. ती म्हणाली, डोकं फिरलंय का तुमचं, येताना आमी येलदरीचं धरण बघणार. तिच्यावर ओरडलो.

१६ मे
पुसलं. परत आलं. परत पुसलं. ही आणते म्हणूनच घडतंय— वायरच उपटली. काशीनाथ नेटसाठी बोंबलायलाय. कमलबाई म्हणाल्या, पेटी वाईट न्हाई, अडल्याला हात देती. त्यांनाही झापलं. नोकरी गेली तर जाऊ दे.

१७ मे
दोघी आल्या. धरणावर गेल्या नाहीत. सृष्टी अंगणात खेळायलीय. पेटी मेली, मी सुटलो. उत्तरा चहा—
किंचाळली. हौदात—

तारीख माहीत नाही
बाहेर काढली तेव्हा अंग गरम होतं. काय करायचं कुणालाच— मोबाईलवर नुसतं गोल चक्र फिरत राहिलं. मीच वायर—
काशीनाथनं वायर जोडलीय. ते पान आलंय आता. वाचायलोय. लेकराला सपाट झोपवा. हनुवटी हळूच वर करा. तोंडावर तोंड ठेवून—