गव्हर्नरचं सरपण

डेव्हन ॲव्हेन्यू, शिकागो
१२ नोव्हेंबर १९८६

प्रिय वीणा,

तुला मराठी वाचायला वेळ लागतो म्हणून मोठ्या अक्षरात लिहितोय. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. माझी बायपास झाली, डॉक्टरांनी दिवसभर काउंटरवर उभं राहायला बंदी केली, आईला तिची नोकरी. तू लगेच ठरवून मोकळी, की प्रबंध सोडते, बॉस्टन सोडते आणि दुकानात येऊन बसते. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण आधी हे वाच.

अंथरुणात पडल्या पडल्या तू पाठवलेली प्रकरणं वाचली, डिक्शनरी छातीवर ठेवून. गिऱ्हाइकं विचारायची, "काय हो, पोरगी गोऱ्यांच्या कुठल्या जुन्या गव्हर्नरवर पीएच.डी. करते? आपल्यात काय कमी होते?" मी हसून डाळ जोखायचो. पण हा तुझा विन्थ्रॉप, साडेतीनशे वर्षांपूर्वीचा बॉस्टनकडचा गव्हर्नर, मला आवडला. इंग्लंडातली शेतीवाडी सोडून बोटीनं आला, बायको मागून आली, तू आणि आई आलात तशीच. निवडणुकीत पडला तरी कामातून उठला नाही. धर्माच्या बाबतीत भलताच कडक. आपल्या उदबत्त्या बघून त्यानं मला गावाबाहेरच काढलं असतं.

आणि ती सरपणाची गोष्ट. त्याच्या ढिगातली लाकडं एक गरीब माणूस चोरत होता. यानं त्याला बोलावून सांगितलं, हिवाळा कडक आहे, संपेपर्यंत माझ्यातलीच नेत जा. मग मित्रांना विचारलं, झाली की नाही चोरी बंद? गोष्ट खरी की रचलेली, सांगता येत नाही, असं तू पानाच्या तळाशी टिपेत लिहिलंयस. मी म्हटलं, करून बघू.

हे तुझ्या-माझ्यात ठेव. डॉक्टर गुरुदत्तच्या आई, सुहासिनी मावशी, वेलदोड्याची पाकिटं शालीत सरकवायच्या. नजर अधू झाली तरी माझे कान शाबूत आहेत. प्लॅस्टिक चुरचुरलं की कुठली फळी ते मला कळतं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा दुकानात जाऊन बसलो, तर त्या आल्या. चहा दिला आणि म्हटलं, "मावशी, वेलदोडे संपले की हक्कानं न्या." त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "घरी डबाभर आहेत हो. तुम्ही पकडलं असतंत, तर निदान मराठीत भांडले तरी असते कुणाशी."

दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर. सांगलीला हेडमास्तरीण होत्या. एकाला नुसतं "रांगेत या" म्हणाल्या आणि सगळं दुकान सरळ झालं. आता कॅश रजिस्टर त्यांच्याकडे, मी मागं खुर्चीत. पगार नको म्हणून हटून बसल्या, तर गुरुदत्तच आला. म्हणाला, "काका, द्याच. काल आई जेवताना एवढी बोलली, की माझी मुलं टीव्ही बंद करून ऐकत बसली."

तेव्हा पोरी, तू येऊ नकोस. दुकानाला माणूस मिळालं, तेही तू लिहिलंस म्हणून मिळालं, आणि त्याबद्दल बापानं लेकीचे आभार मानायचे तर फोनवर जमत नाही, म्हणून हे पत्र. नाताळात मात्र ये, पाहुणी म्हणून. मावशी रोज विचारतात, गव्हर्नरचं पुढं काय झालं? मी सांगून ठेवलंय, थांबा थोडं, मुलगी लिहितेय अजून.

तुझाच, खुर्चीत बसायला शिकत असलेला,
बाबा