४०४४ नंबरची खोली

तीर्थरूप बाबा,

जपानच्या नाहा बंदरातून तुमच्या युफेनचा वाकून नमस्कार. सगळे सुखरूप आहोत. गोळ्या वेळेवर घेता ना?

क्रूझचं काम लू बाईंच्या एजन्सीला दिलं ते बरं झालं. आपल्या भाषेत 'चार' म्हटलं की आईला 'मरण'च ऐकू येतं, चाराचा आकडा म्हणजे तिला मरणाची चिठ्ठी, म्हणून त्यांनी तिला नवव्या मजल्यावर खोली मिळवून दिली. तुमच्या लेकानं, चुंगहाननं, शहाणपणा करून मोबाइलवर बुकिंग केलं, त्याला मिळाली ४०४४. त्याची बायको आत पाऊल टाकेना. तर हा आईला म्हणतो, "तू घे ती खोली. तुझं काय राहिलंय आता?"

तुमच्या गरीब जावयानं त्याचं नाक फोडलं. त्यानं यांच्या पाठीत खुर्ची घातली, मी त्याच्या डोक्यात थर्मास. गालिचा रक्तानं भिजला. माझं मनगट सुजलंय जरा, काळजी नसावी.

या गोंधळात आई ४०४४ मध्ये जाऊन आतून कडी लावून बसली. कुणाचंच ऐकेना. शेवटी लू बाईंना फोन लावून तो दाराशी धरला. त्यांनी चुंगहानला दुसरी खोली मिळवली आणि आईची अर्धा तास समजूत घातली. तिनं दार उघडलं, पण बाहेर आली नाही.

"चुंगहानला आत पाठव," म्हणाली, "त्याचं नाक पुसायचंय."

तो अजून दाराबाहेरच उभा आहे. आकड्याला घाबरतो.

तुमची,
युफेन